राखणे आणि राहून जाणे

कोश पाहणारे आणि कोश वाचणारे असे वाचकांचे दोन वर्ग मानता येतील. पाहणाऱ्याला अर्थ सापडला की त्याचे काम संपते. वाचणारा शेजारच्या नोंदीत गुंततो, तिच्यावरून मूळ धातूकडे जातो आणि ज्या शब्दासाठी कोश उघडला तो बाजूलाच राहतो. असा वाचक इंग्रजीच्या जुन्या कोशांत ‘कन्झर्व्ह’, ‘प्रिझर्व्ह’, ‘रिझर्व्ह’ या नोंदींपाशी थबकला, तर त्याला प्रथम ओळख पटते ती स्वयंपाकघराची. सतराव्या शतकातील पाकक्रियेत ‘कन्झर्व्ह’ म्हणजे पाकळ्या वा पाने साखरेबरोबर कुटून केलेला पदार्थ. आपला गुलकंद हे त्याचे चपखल उदाहरण होय. ‘प्रिझर्व्ह’ म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेले फळ, अर्थात मुरांबा. एकात वस्तूचे रूप मोडून गुण राखला जातो, दुसऱ्यात शक्यतो रूपही राखले जाते. नाशवंत ते टिकावे, एवढीच निरागस इच्छा या दोन्ही शब्दांत दिसते.

स्वयंपाकघराबाहेर ही निरागसता उरत नाही. 1671 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क मुख्यत्वे वर्षाला 100 पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता सीमित केला. पुढे शिकारीसाठी राखलेल्या रानालाही ‘प्रिझर्व्ह’ हेच नाम लागले. ससा तेथे राखला जाई तो धन्याच्या बंदुकीसाठी. ‘रिझर्वेशन’ या शब्दाचा अमेरिकेतील प्रवास याहून बोलका आहे. मूलनिवासी टोळ्यांशी झालेल्या तहांत त्यांनी सोडून न दिलेली, स्वतःसाठी राखलेली भूमी असा त्याचा आशय होता. एकोणिसाव्या शतकात तीच भूमी त्यांना डांबून ठेवण्याची जागा झाली. राखणारे होते ते राखले जाणारे झाले, शब्द मात्र तोच राहिला. अर्थात राखण्याची परिणती नेहमीच बंधनात होते असेही नाही. नेपल्समधील ‘कन्झर्वातोरियो’ हे मुळात अनाथ मुलांचे आश्रयस्थान होते. तेथे मुलांना संगीत शिकवले जाई, आणि त्या शिक्षणामुळेच या नावाला संगीतविद्यालय हा अर्थ प्राप्त झाला.

या सर्व शब्दांच्या मुळाशी ‘सेर्वारे’, म्हणजे राखणे, हे लॅटिन क्रियापद आहे. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथात ‘सेर्वुस’, म्हणजे गुलाम, हा शब्दही याच क्रियापदाशी जोडला आहे. युद्धात पकडलेल्यांना ठार न करता राखले म्हणून ते गुलाम, अशी तेथील उपपत्ती आहे. आधुनिक भाषाशास्त्र ती जशीच्या तशी स्वीकारीत नाही. परंतु व्युत्पत्ती म्हणून संशयास्पद असलेली ही कथा सत्तेचे मन मात्र नेमके उघड करते. ज्याला जीवदान दिले त्याच्यावर जीवदान देणाऱ्याची मालकी, हा विचार तीत कोणत्याही संकोचाविना मांडलेला आहे.

कोशकार हाही राखणाराच. प्राचीन इंग्रजी काव्यात ‘वर्डहोर्ड’, म्हणजे शब्दांचा ठेवा, असा समास येतो. बोलू लागणे म्हणजे त्या ठेव्याचे कुलूप काढणे. डॉ. जॉन्सन यांनी 1747 मध्ये कोशाची योजना मांडली तेव्हा भाषा स्थिर करण्याची आशा त्यांना होती. 1755 मध्ये कोश प्रसिद्ध झाला तेव्हाच्या प्रस्तावनेत मात्र, मसाले भरून प्रेत टिकवावे तशी भाषा टिकवता येईल या कल्पनेचीच त्यांनी थट्टा केली आहे. ऑक्सफर्डच्या महाकोशाने निराळा मार्ग पत्करला. 1884 ते 1928 या काळात भागशः निघालेल्या त्या कोशात मृत शब्दालाही स्थान मिळाले. त्याच्यापुढे खंजिराची खूण करायची, पण त्याला हाकलायचे नाही, हा त्याचा दंडक होता. असंख्य स्वयंसेवी वाचकांनी चिठ्ठ्यांवर टिपून पाठवलेल्या अवतरणांवर ही सारी इमारत उभी राहिली.

आणि तरीही 1888 मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या खंडात एक शब्द राहून गेला. त्या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या होत्या. संपादक जेम्स मरे यांच्यासारख्या काटेकोर माणसाच्या हातून निसटलेला हा शब्द होता ‘बाँडमेड’, म्हणजे दासी. इंग्रजी बायबलात तो येतो, त्यामुळे त्याला दुर्मीळ म्हणता येत नाही. त्याला जागा मिळाली ती 1933 च्या पुरवणीत.

या प्रमादात हेतू शोधणे अन्यायाचे होईल. चिठ्ठी कोणतीही हरवू शकते. तथापि ‘सेर्वारे’ आणि ‘सेर्वुस’ यांची कथा वाचून आलेल्या वाचकाला हा निव्वळ योगायोग मानून पुढे जाणे कठीण पडते. त्याच्या स्वतःच्या मराठीतही ‘राखणे’ या एका क्रियापदाभोवती राखण, राखीव कुरण आणि रखेली हे शब्द एकत्र नांदतात. मान राखणे आणि बाई राखणे यांतील क्रियापद एकच आहे. म्हणून संग्रह, परंपरा, वारसा असे शब्द समीक्षेत येतील तेथे, काय राखले यापाशी न थांबता, कोणी राखले, कोणासाठी राखले आणि त्या वेळी कोणाची चिठ्ठी राहून गेली, हेही विचारावे लागते. कोशातल्या दासीला पुरवणीची वाट पाहावी लागली. ज्यांची चिठ्ठी मुळात कोणी लिहिलीच नाही, त्यांच्यासाठी पुरवणीही निघत नाही.