21 दिवसांची रजा

नागपूरच्या एम्प्रेस मिलची आठवण आता उरली ती मॉलच्या नावात. जुम्मा तलावाजवळच्या पाणथळ जमिनीवर जमशेटजी टाटांनी ही गिरणी उभी केली आणि 1 जानेवारी 1877 ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाली, म्हणून नावही तिच्याच मानाचं. आत सूत गुंडाळत उभ्या राहिलेल्या बायांची नावं हजेरीपटावर असतील; तो पट कुठल्या रद्दीत गेला, देव जाणे.

जाईबाई चौधरी मात्र नावानिशी सापडतात. नागपूर स्टेशनावर त्यांनी हमाली केली, पुढे शिक्षिका झाल्या आणि मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली.

परिषदांचे ठराव वाचायला मला एरवी कंटाळा येतो. पण 20 जुलै 1942 ला मोहन पार्कात दलित महिलांची परिषद भरली होती, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे, तिचे ठराव मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामकरी बायांना वर्षाला 21 दिवस किरकोळ रजा द्या, वर महिनाभराची हक्काची रजा द्या. दुखापत झाली तर भरपाई. वीस वर्षं नोकरी झाली की दरमहा पंधरा रुपये पेन्शन. आणि बाया काम करतात तिथे देखरेखीलाही बाईच हवी. या शेवटच्या मागणीमागे काय काय सोसलेलं असेल, ते ठरावात लिहीत नाहीत. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मध्यप्रांतात 1930 मध्येच झाला होता. या बायांना रोजच्या थकव्याचाही हिशेब हवा होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले तेही त्याच जुलैत.

विड्या वळणारी आमच्या गल्लीतली आजी मांडीवर सूप घेऊन बसायची. ओलं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, नखाने तोंड दुमडायचं, दोरा. गप्पांना खंड नाही, हातालाही नाही. पैसे हजारावर, बसली नाही त्या दिवशी काहीच नाही.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना परवा त्या ठरावाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अन् तुमच्याकडं किती जी?" महिन्याच्या दोन धरल्या तर वर्षाच्या चोवीस होतात, मी लगेच हिशेब मांडला.

"त्या लागोपाठ घेऊ देता का?"