संध्याकाळचं पाणी

‘धिस वॉर ऑफ माइन’चा पट मांडला की नवखा माणूस आधी विचारतो, “माझी सोंगटी कुठली?” या खेळात कुणाची वेगळी सोंगटी नसते. वेढा पडलेलं शहर, तोफगोळ्यांनी अर्धं ढासळलेलं घर आणि त्यात आसऱ्याला आलेली मोजकी माणसं. ब्रूनो स्वयंपाकी, पावले फुटबॉलपटू, काटिया पत्रकार. ती टेबलाभोवतीच्या सगळ्यांची मिळून. युद्धबंदी होईपर्यंत त्यांना जगवायचं.

दिवसा घरातले ढिगारे उपसायचे, हाती लागेल त्यातून खाट-चूल उभी करायची. अंधार पडला की काहींनी अन्न, लाकूड, औषधं शोधायला बाहेर पडायचं आणि मागे राहिलेल्यांपैकी पहारा कुणी द्यायचा, झोपायचं कुणी, ते ठरवायचं. भूक, थकवा, आजार, जखमा आणि दुःख प्रत्येकाच्या मागे लागलेलं. दुःखाची मोजणी इथे भुकेइतक्याच काटेकोरपणे होते. ते टोकाला गेलं की अंगाने धडधाकट असलेलं माणूसही हातचं जातं. हा नियम ज्याने लिहिला, त्याला वेढ्यातलं जगणं कळलं होतं असं मला नेहमी वाटतं.

खेळ पोलंडचा. वॉर्सॉच्या ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ने 2014 साली तो व्हिडिओ गेम म्हणून काढला आणि 2017 साली ‘अवेकन रिअल्म्स’ने पटावर आणला. पोगोरेन हे त्यातलं शहर काल्पनिक आहे, पण त्याच्यामागे साराएव्हो उभं आहे. एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996, तब्बल 1425 दिवस त्या शहराला वेढा होता. भोवतालच्या डोंगरांवर तोफा आणि नेमबाज. खाली नळ कोरडे, म्हणून लोक बिअरच्या कारखान्याजवळच्या झऱ्यावर डबे-कॅन घेऊन रांगा लावत. 27 मे 1992 रोजी पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळे पडले. हे ठाऊक असलं की घराबाहेर पडण्याचा साधा निर्णयही साधा राहत नाही. म्हणून हा खेळ खेळवताना मी साराएव्होबद्दल थोडं आधीच सांगते, पण अगदी थोडं. व्याख्यान झालं की लोक जबाबदारीने खेळायला लागतात, आणि तसं खेळणं फार वरवरचं असतं.

माझ्या मते सगळा खेळ संध्याकाळच्या टप्प्यात आहे. तेव्हा पाणी वाटायचं, मग अन्न. माणसं चार आणि पाणी तिघांपुरतं, अशी वेळ हमखास येते.

“रात्री बाहेर जाणाऱ्याला आधी द्या. तो पडला तर उद्या सगळेच उपाशी,” इंजिनिअरिंगचा मुलगा सांगतो.

“अरे, आजारी माणसाला कुणी तहानलेलं ठेवतं का?” शेजारच्या काकू विचारतात.

“काकू, पण उद्या...”

“उद्याचं उद्या. आज तिला ताप आहे ना?”

दोघांचंही म्हणणं खरं असतं. खेळवणाऱ्याने इथे तोंड उघडू नये. कुठला पर्याय किफायतशीर हे मला बहुतेक वेळा दिसत असतं. पण ते मी बोलून गेले तर काकू मान डोलावतील, पाणी हवं तिथे जाईल आणि तापलेली ती बाई पुठ्ठ्याचा तुकडा होईल.

सहकारी खेळांना लागलेली ही जुनी कीड आहे. जो जाणकार तो सगळ्यांच्या वतीने खेळतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावरून हात हलवतात. खेळणारे त्याला अल्फा प्लेअर म्हणतात. या खेळाने त्यावर चांगला उपाय काढलाय. जाडजूड नियमपुस्तक आधी वाचून बसायचं नसतं; एक डायरी असते, ती पान उलगडेल तशी पुढचं सांगते. ज्याच्या हाती डायरी, त्याचा शब्द शेवटचा. चर्चा सगळ्यांची, निर्णय त्याचा, आणि मग डायरी पुढच्याकडे. मी एवढंच पाहते की ती हाती असताना त्या माणसाला पुरेसा वेळ मिळतो. कुणी घाई केली तर त्याला चहा करायला पाठवते.

वाचनही शिकावं लागतं. बाहेर कुणी भेटलं, काही घडलं, की क्रमांक पाहून दुसऱ्या एका जाड पुस्तकातला मजकूर काढायचा. तो इंग्रजीत; आमच्याकडे तो मराठीत सांगायचा. काही जण आवाजात थरथर आणून वाचतात, आणि त्याने सगळं बिघडतं. रेशनच्या दुकानातली यादी वाचावी तसं सपाट वाचावं. एका घरात म्हातारं जोडपं आहे, त्यांच्याकडे खायला आहे, आणि आपण चोर म्हणून दारात उभे आहोत, हे ऐकणाऱ्याला आपोआप पोचतं.

व्हिडिओ गेममध्ये पुस्तकाचा एक पेच आहे: वाचून मन रमवायचं की जाळून ऊब घ्यायची? साराएव्होत ऑगस्ट 1992मध्ये तोफांच्या माऱ्याने राष्ट्रीय ग्रंथालय पेटलं. पुढच्या हिवाळ्यांत माणसांनी बागेतली झाडं तोडली, फर्निचर जाळलं, घरातली पुस्तकंही चुलीत घातली. पुस्तकांवर जीव असलेल्या माणसाला हे ऐकवलं की तो आधी तोडगा शोधतो: आधी खुर्ची जाळू, मग जुने बूट. हा क्रम लावताना तो मोठ्याने बोलतो, इतर त्यात भर घालतात. कुणी म्हणतं, आधी शब्दकोश नको, कादंबऱ्या घ्या. कुणी त्यावर चिडतं. हिशोब आणि माणूस दोन्ही एकाच वेळी बोलण्यात असतात, तेव्हाच खेळ जमून येतो. त्याला कौशल्य लागतं, आणि तेच मी शिकत आले आहे.

युद्धाचा खेळ करावा का, असं मला लोक विचारतात. करावा. बुद्धिबळाच्या पटावर सैन्य कधीपासून उभं आहे. पाण्याच्या रांगेतल्या बाईला पटावर जागा मिळायला मात्र फार उशीर झाला.

युद्धबंदी झाली की शेवटी उपसंहार वाचायचा असतो. तोवर बहुतेकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. ज्यांनी म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न आणलं होतं ते तर हमखास आपल्या बाजूने बोलू लागतात, आणि मी त्यांना थांबवत नाही. पट आवरायला लागणारा वेळ त्यासाठीच ठेवलेला असतो.