सासूबाईंचं माहेर आणि माझी फाईल

कचेरीत फाईल म्हणजे लाल फीत, टिपणी आणि शेरा. वीस वर्षं तीच ओळख. गेल्या पावसाळ्यात मात्र घरी एक वेगळी फाईल केली आणि पहिल्याच फटक्यात सासूबाईंचं माहेर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवलं!

त्याचं असं झालं. आमची सौ. नागपूरची. सासूबाईंचं माहेर त्याही पलीकडे, सौंसरजवळ जामसांवलीला. पिंपळाखालच्या निजलेल्या मारुतीमुळे काहींनी नाव ऐकलं असेल. 1956 साली राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातलं हे मराठी बोलणारं सौंसर-पांढुर्णा, मध्य प्रदेशातच राहिलं. 1967 च्या जनमत कौलाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला, रेघ कुठून गेली याने काय होतं ते सांगायला नको.

सासूबाई आता आमच्याकडेच असतात. गुडघ्यांमुळे प्रवास बंद. म्हणून मोबाइलवर गाव दाखवलं. देऊळ दिसलं, रस्ता दिसला. "माही विहीर कुठं हाय?" विहीर नकाशात नव्हती. मग त्या उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवत गेल्या: विहीर, चिंच, मामाचा वाडा. मी जागा दाबून धरून अक्षांश-रेखांश टिपत गेलो.

अशा जागांची जी फाईल करतात तिला केएमएल म्हणतात. कीहोल नावाच्या कंपनीची ही पद्धत; गूगलने ती कंपनी 2004 साली घेतली आणि 2008 साली ती जगमान्य मानक झाली. फाईल म्हणाल तर साधा मजकूर, नोटपॅडमध्ये लिहिता येतो. फक्त खोच एक. शाळेत आपण आधी अक्षांश म्हणायला शिकलो, इथे आधी रेखांश. मी शाळेप्रमाणे 21.6 आणि 78.8 लिहिलं. गाव थेट नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर!

"हे तं बरफ हाय ना, जवाईबुवा!"

(पणजीचे आकडे असेच उलटले तर ती नॉर्वे आणि स्वालबारच्या मधल्या समुद्रात पडते. करून पाहिलंय.)

आकडे सुलटे केले, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. फाईल यूटीएफ-8 मध्ये साठवली नाही की देवनागरीचं हे असं होतं. तेही निस्तरलं. मोबाइलवरच्या गूगल मॅप्समध्ये केएमएल थेट उघडत नाही. संगणकावर माय मॅप्समध्ये चढवावी लागते, मग ती मोबाइलवर दिसते. पण सासूबाईंच्या खोलीत रेंजची बोंब, म्हणून शेवटी ऑरगॅनिक मॅप्स घेतलं. एकदा त्या भागाचा नकाशा उतरवला की पुढे नेटशिवाय चालतं.

हौसेने जिल्ह्याच्या सीमेची एक तयार फाईलही आणली. ती निघाली 2011 च्या जनगणनेवरची, त्यामुळे गाव छिंदवाडा जिल्ह्यात. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला 2023 मध्ये. फाईलीतली रेघ आपणहून हलत नाही, हे कारकुनाला वेगळं कळायला नको होतं. काढून टाकली.

विहिरीच्या खुणेखाली मात्र नुसतं शेत. मी चाचरत तसं सांगितलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "बुजवली असन. खूण राहू द्या. आन् नुसतं 'विहीर' काऊन लिवलं? मोठ्या आईची विहीर लिवा."

तसं लिहिलं.