मंडळानं पाठिवलंय

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास सांगायला बसलं की आधी इमारतींची नावं येतात. 1852 साली रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी इथं आला, त्याच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च. एस्तर पॅटन बाईंच्या नावाची शाळा. मोठं दुखणं निघालं की मिरजेचं वॉन्लेस. त्यांची कामं खरोखरच मोठी होती. पण आमच्या घरात विश्वास आला तो यांच्यापैकी कुणाकडून नाही. पणजीकडे एक बायबलबाई यायची, धान्य निवडता निवडता येशूच्या गोष्टी सांगायची, एवढंच आईला ऐकून माहीत. तिचं नाव कुणी जपलं नाही.

रेव्हरंड टिळकांचंही असंच. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती उपासनेला तिची गाणी ज्या माणसामुळे मिळाली, त्याला पुस्तक देणारा मात्र पुढच्या कुठल्या तरी स्टेशनात उतरून गेला.

देव साध्या माणसांच्या हातून काम करतो, हे वाक्य मी लहानपणापासून उपदेशांत ऐकत आलो आहे. ते मला कधी खोटं वाटलं नाही. अडचणीचं वाटायला लागलं ते 2019 च्या ऑगस्टपासून.

आई राजारामपुरीत राहते. इथल्या गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत : पहिली, दुसरी, तिसरी. भाग उंचावर, त्यामुळे पंचगंगेचं पाणी इकडे चढत नाही. पण त्या महापुरात उपसा केंद्रंच बुडाली आणि शहराचे नळ कोरडे पडले. सगळीकडे पाणी आणि प्यायला नाही. मी पुण्यात होतो. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, गाड्या बंद. आई दुसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेले, जिन्यावरून रिकामी कळशीसुद्धा नेणं तिला जमत नव्हतं.

गल्लीतल्या तरुण मंडळाचा एक पोरगा रोज टँकरवरून दोन कळश्या भरून वर आणून देत होता. मंडळ गणपतीचं. ओळख म्हणाल तर दिवाळीत फटाके वाजवू नको म्हणून आई त्याला ओरडायची, तेवढीच. तिसऱ्या दिवशी ती त्याला म्हणाली, ‘‘बाळा, तुला प्रभूनंच पाठवलं बघ.’’

‘‘न्हाई ओ काकू, मंडळानं पाठिवलंय. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांची यादी केलीया आमी.’’

आईनं हे मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसलो, पण नंतर ते डोक्यातून जाईना. त्या पोरांनी वही घेतली, घरोघर विचारलं, नावं लिहिली, पाळ्या लावल्या. खांदे त्याचे दुखले. आणि आपण सरळ म्हणायचं, हे देवानं केलं? ही त्याच्या मजुरीवर दुसऱ्याची सही झाली.

त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बायका, मुलं बुडाली. तिथं बचावाला निघालेलीही साधीच माणसं होती. माझ्या आईकडे कळशी पाठवणारा देव तिकडे कुठं होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि जे फार चटकन उत्तर देतात त्यांच्याशी मी या विषयावर बोलत नाही. ‘त्याची योजना’ हा शब्द तर मला अशा वेळी ऐकवत नाही.

त्या दिवसांत लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी पुन्हा वाचला. वाटेत लुटलेला माणूस पडलाय, याजक बघून बाजूनं जातो, लेवी जातो, आणि यहुद्यांना न चालणारा शोमरोनी थांबतो. जखमा बांधतो, उतारशाळेत नेतो, स्वतःच्या खिशातले दोन दिनार देतो. कितीदा ऐकलेली गोष्ट. पण ती सांगताना, देवानं त्या शोमरोन्याला पाठवलं, असं येशू म्हणतच नाही. त्याला कळवळा आला, एवढंच. पूर्ण गोष्टीत देवाचं नाव नाही! ख्रिस्तानं जे श्रेय त्या परक्याकडेच राहू दिलं, ते आपण काढून घ्यायची एवढी घाई का करतो?

नंतर घरी गेल्यावर हे आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मी त्याला थोडंच सांगत होते? मी देवाला सांगत होते, तो पोरगा फक्त समोर होता.’’ मग भाजी चिरत म्हणाली, ‘‘तू येऊ शकत नव्हतास. दार वाजलं की मला काहीतरी म्हणायला नको?’’

सप्टेंबरात गणपती बसले. आमच्याकडे वर्गणी मागायला कुणी येत नाही. ख्रिस्ती घर म्हणून मंडळवाले दार सोडून पुढे जातात. त्या वर्षी आईनं जिन्यावरून हाक मारून पोरांना थांबवलं आणि पाचशेची नोट पुढे केली. पावतीपुस्तक हातात धरून तो पोरगा घुटमळला.

‘‘काकू, वर्गणी म्हणून लिहू का?’’

‘‘टँकर म्हणून लिही,’’ आई म्हणाली.