शेजारची शाळा

नाताळचे गोठे उतरले की आमच्या मीरा-भाईंदरमधील घराघरांत एकच विषय सुरू होतो : धाकट्याला कोणत्या शाळेत घालायचे? अमेरिकेत बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर घराचा पत्ताच देतो. गावाचे शाळा-विभाग आखलेले असतात. ज्या विभागात घर, त्या विभागाची सरकारी शाळा. आपल्याकडे महापालिकेच्या मराठी, हिंदी, गुजराती व उर्दू माध्यमाच्या शाळांची दारे उघडी असतात. परंतु इंग्रजी शाळेच्या ओढीने पालक खाजगी संस्थांचे उंबरठे झिजवतात.

तरीही पत्त्याला आपल्याकडेही मोल आले आहे. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. विनाअनुदानित खाजगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील शेजारच्या मुलांसाठी ठेवाव्यात, असे तो सांगतो. शाळेला बालवाडी जोडलेली असेल तर तेथूनच. मुलाची वा आईबापांची परीक्षा घेण्यास, देणगी मागण्यास त्यात मनाई आहे. महाराष्ट्रात अर्ज संगणकावर भरायचा, घर नकाशावर दाखवायचे, शाळा निवडायच्या, मग सोडत. 1 किलोमीटरच्या आतील मुलांना पहिला मान, त्यानंतर 3 किलोमीटरपर्यंतच्या. दुर्बल घटकासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत हवे.

कागदावर हे सरळ दिसते. पण मीरा रोडसारख्या वस्तीत कित्येक संसार अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर उभे असतात. कराराची नोंदणी नसेल तर पत्ता सिद्ध होत नाही. घर बदलले की शेजारही बदलतो. गरिबाला घराइतकाच कागदही महाग पडतो.

गेली काही वर्षे आम्ही आमच्या परिसरातील पालकांना हे अर्ज भरून देतो. एकदा घरकाम करणारी एक बाई आपल्या लेकीचा जन्मदाखला घेऊन आली. तिच्या खोलीच्या खिडकीतून एका कॉन्व्हेंटचे पटांगण दिसते. यादीत त्या शाळेचे नाव शोधशोध शोधूनही सापडेना. आम्ही तिला समजावले : ती अल्पसंख्याकांची शाळा, 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अशा शाळांना या कायद्यातून वगळले आहे. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे काका, शेजार आमचा आणि शाळा तेवढी तुमची?’’

तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. पुढे प्रतीक्षा यादीतून तिच्या लेकीला प्रवेश मिळाला, तो रेल्वेच्या पलीकडच्या एका शाळेत. सकाळी बाप तिला रिक्षातून सोडतो. दुपारी आई एक काम बुडवून आणायला जाते.

घटनेच्या 30 व्या कलमाने आपल्याला शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला, तो लहान समाजाला आपली श्रद्धा व संस्कार जपता यावेत म्हणून. तो अनमोल आहे आणि तो जपलाच पाहिजे. स्नानसंस्काराचा दाखला पाहून धर्मग्रामातील लेकराला जागा मिळाली, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु कोळीवाड्यातील गरीब ख्रिस्ती मूल फीपायी मागे राहत असेल आणि दूरवरच्या सधन घरातील मूल आत येत असेल, तर हा हक्क आपण नक्की कोणासाठी राखला?

2024 साली राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द ठरविला. पुढे 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाविषयीच शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सुचविले. निकाल काहीही लागो. कायदा सक्ती करीत नाही एवढ्याने सदसद्विवेकबुद्धीची सुटका होत नाही. एका शास्त्र्याने प्रभू येशूला शेजारी कोण असे विचारले, तेव्हा प्रभूने अंतर मोजून दिले नाही. वाटेवर थांबणाऱ्या एका परक्याची गोष्ट सांगितली.

म्हणून आम्हांला वाटते, आपल्या शाळांनी कोणी सांगण्याची वाट न पाहता दरवर्षी बालवर्गातील चार-पाच जागा भिंतीलगतच्या गरीब घरांसाठी, धर्म न विचारता, ठेवाव्यात. त्यांच्या फीचा भार धर्मग्रामाने वाटून घ्यावा. एका मुलाचा खर्च आठ-दहा कुटुंबांना जड जाणार नाही. अर्ज भरायला मदत हवी असलेल्यांसाठी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक टेबल मांडावे. पुढच्या प्रवेशांपूर्वी हा विषय प्रत्येक पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत निघावा, एवढीच आमची विनंती आहे.