प्रेस शॉपमधला बँड

गुरुवारी सुट्टी असणाऱ्या माणसानं रॉक संगीताच्या नादी लागू नये. मोठे कार्यक्रम होतात शनिवार-रविवारी, आणि आमच्या भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. विजेचा भार वाटून घ्यायला कधीकाळी हा वार ठरला, तो ठरलाच. २००८ साली आयर्न मेडन मुंबईत वाजवून गेले, तो १ फेब्रुवारीचा शुक्रवार होता आणि माझी सेकंड शिफ्ट होती. २०१० पासून पुण्यात एनएच७ वीकेंडर भरायला लागला. तिकडं पोरं नाचायची, इकडं मी चाकणला डाय सेट करत असायचो. आणि माझा खरा बँड म्हणजे ब्लॅक सॅबथ. त्यांना तर मी प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. कॅसेट, सीडी आणि आता मोबाइल, एवढ्यावरच सगळं आयुष्य निभावलं.

त्यांची कॅसेट घरात आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. आमच्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगची मुलं भाड्यानं राहायची. त्यातल्या एकानं खोली सोडताना न्यायला जड झालेलं सामान आमच्याकडं टाकलं: बादली, इस्त्री, गाइडं आणि चार-पाच भरलेल्या कॅसेट. एकीच्या एका बाजूला किशोरकुमार आणि दुसऱ्या बाजूला बॉलपेननं लिहिलेलं ब्लॅक सॅबथ. मी तेव्हा मोरवाडीच्या आयटीआयला फिटर ट्रेडला होतो. गाण्यातलं इंग्रजी ओ का ठो कळायचं नाही. पण सुरुवातीला पाऊस, लांबून वाजणारी घंटा आणि मग गिटारचे ते तीन सावकाश स्वर. कॅसेट संपली की मी किशोरकुमारकडं न जाता पुन्हा मागं फिरवायचो.

वडील आकुर्डीच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एका गुरुवारी त्यांनी हा प्रकार दारात उभं राहून ऐकला, आत जाऊन पेटी आणली आणि भाता हलवत ते तीन स्वर काढून दाखवले. सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. पुन्हा एकदा वाजवले. मग म्हणाले, "पंचम देतच नाही रे हा. माणसाला बसायला जागाच ठेवली नाही." यमनात तोच तीव्र मध्यम किती लाडाचा वाटतो! इथं त्याला एकटा उभा केलाय, म्हणून तो भिववतो. पाश्चात्त्य समीक्षकांनी या स्वरांवर पानंच्या पानं लिहिलीत, सैतानापर्यंत जाऊन आलेत. वडिलांनी पेटी गुंडाळून ठेवली आणि जेवायला बसले. त्यांच्याइतकं नेमकं मी अजून कुठं वाचलेलं नाही.

पुढं अप्रेंटिस म्हणून भोसरीतल्या एका प्रेस शॉपला लागलो आणि हा आवाज मला इतका जवळचा का वाटत होता ते समजलं. पत्रा सरकतो, पेडल दाबलं जातं, रॅम खाली येतो, पायाखालची फरशी हलते. पुन्हा पत्रा. शेजारच्या प्रेसची लय वेगळी, त्यापलीकडच्याची आणखी वेगळी, आणि दिवसभरात कधीतरी दहा-पंधरा सेकंद त्या सगळ्या एकत्र समेवर येतात. त्या वेळी कानात बोळे घातलेले असले तरी छातीत ऐकू येतं.

ब्लॅक सॅबथ १९६८ साली बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात उभा राहिला. लांब केसांची, काळ्या कपड्यांतली ही माणसं, पण घरची हकिकत ऐकली तर थेट आपल्या चिंचवडच्या एखाद्या चाळीतली वाटावी. गायक ऑझी ऑस्बोर्नचे वडील टूलमेकर, रात्रपाळीला. आई मोटारींचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीत कामाला. लुकास हे नाव आपल्याकडच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला माहीत असतं. खुद्द ऑझीनं तिथं काही दिवस हॉर्न ट्यून करायचं काम केलं. तिथून जवळच्या वॉल्सॉलचा रॉब हॅलफर्ड, ज्युडास प्रीस्टचा गायक, तोही शाळेजवळच्या फाउंड्रीच्या आठवणी सांगतो. हे संगीत जिथं जन्मलं तिथं दिवसरात्र लोखंड ठोकलं जात होतं. आता काळाची गंमत अशी की त्याच परिसरातली जग्वार लँड रोव्हर २००८ साली टाटा मोटर्सनं विकत घेतली, म्हणजे पिंपरीत ज्यांच्या गेटवर आमच्या निम्म्या वर्गमित्रांनी अप्रेंटिससाठी चकरा मारल्या त्यांनी. आमच्याकडं ही बातमी पेढे वाटून साजरी झाली. मी मात्र ॲस्टनच्या पोरांचा विचार करत होतो.

गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीची गोष्ट मला बरीच उशिरा कळली, एका जुन्या मासिकातून. तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर होता. १९६५ साल, वय १७. एका बँडबरोबर परदेशी जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडली. त्या दिवशी त्याचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायचं त्याच्या मनात नव्हतं. आईनं पाठवलं, काम नीट पुरं करून ये म्हणाली. कुठलीही आई हेच म्हणेल. त्या दिवशी पत्रा कापून-वाकवून देणारी बाई आली नव्हती, तर साहेबांनी यालाच तिच्या मशिनवर बसवलं. पायाचं पेडल, सवय नसलेला हात. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचे शेंडे गेले. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा त्याचा हात नेमका उजवा.

डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. मग कारखान्यातले साहेब एक रेकॉर्ड घेऊन घरी आले: जँगो राइनहार्ट. १९२८ साली आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झालेला आणि तरीही जगभर नावाजलेला गिटारवादक. ते ऐकून टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्यातून बोटाच्या मापाची टोपणं कोरली, घासून गुळगुळीत केली आणि जुन्या जाकिटाचं चामडं वर चिकटवलं. तारा बोचत म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा लावून पाहिल्या. पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तार सैल झाली, दाबायला हलकी झाली आणि आवाज खर्जात गेला. त्यानंतर जगातल्या हजारो धडधाकट पोरांनी तसा आवाज यावा म्हणून आपापल्या गिटारी सैल केल्या.

टूलरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला यातलं सगळ्यात काय आवडत असेल, तर ते टोपण. फिक्श्चरच की ते! काम होत नाही, मग हाताशी असेल त्यातून जिग बनवा, फाइल मारा, बसवून बघा, पुन्हा फाइल मारा.

आमच्या शॉपमध्ये आबा होते. पन्नाशीचे, साताऱ्याकडचे, भजनात पखवाज वाजवायचे. मी लागायच्या आधीच त्यांच्याही उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं प्रेसनं नेली होती. चहाचा ग्लास ते अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचे. दिवाळीच्या बोनसच्या नोटा मोजताना ती दोन आखूड बोटं वर उचललेली राहायची, जणू नोटांचा त्यांना संबंधच नाही. पखवाज सुटला होता. मंडळात ते टाळ घेऊन मागच्या रांगेत उभे राहात. मी मोठ्या उत्साहानं त्यांना टोनीची गोष्ट सांगितली, टोपणांसकट. आबांनी ती शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं, "साहेब रेकॉर्ड घेऊन घरी आला म्हणतोस?" हो म्हटलं. "निदान घरी तरी आला," म्हणाले आणि मशिनकडं वळले.

बोटांची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होतं, त्यात कमाईची क्षमता किती गेली ते टक्क्यांत मांडलं होतं. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर ७ टक्के, त्याच्या शेजारच्याचं ५. हाड शाबूत राहून नुसता शेंडा गेला तर अनुक्रमे ४ आणि २. या हिशेबानं टोनी आयोमी फार तर १२ टक्के. आबाही तेवढेच. परिशिष्टात गिटार नव्हती आणि पखवाजही नव्हता.

बँड पुढं जवळपास साठ वर्षं जिवंत राहिला, अधूनमधून बंद पडत, पुन्हा सुरू होत. १९७९ साली ऑझीला काढलं, डिओ आला, नंतर गिलन, ह्यूज, मार्टिन. ड्रमवाले, बासवाले बदलत राहिले. आपल्याकडच्या एखाद्या व्हेंडर कंपनीसारखा कारभार: एक माणूस पर्मनंट, बाकी सगळे काँट्रॅक्टवर. तो पर्मनंट माणूस टोनी. १९७० ते २०१३ या काळातल्या १९ अल्बमांत प्रत्येकावर वाजवणारा तो एकटाच. मधल्या काळातले काही अल्बम सुमार आहेत, हे चाहता असूनही सांगतो. तरी घेतले आणि ऐकले. बायकोनं सुरुवातीला "हे भांडतायत का?" म्हणून विचारलं होतं, आता 'पॅरानॉइड' लागलं की भाकरी थापताना तिचा हात ठेका धरतो. तिला हे कबूल नाही.

५ जुलै २०२५ ला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर. बँडचे पहिले चौघे २० वर्षांनी एकत्र. आपल्याकडं त्याच रात्री आषाढी लागत होती. बाहेरच्या खोलीत आईनं पंढरपूरची शासकीय महापूजा लावली होती, आत मी मोबाइल उशीला टेकवून बसलो होतो, आवाज बारीक. पार्किन्सननं थकलेला ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गात होता, उठता येत नव्हतं. टोनी ७७ वर्षांचा, उभा. कॅमेरा जवळ गेला की दोन बोटांवरची टोपणं स्पष्ट दिसत. आई पाणी प्यायला आत आली, थोडा वेळ बघत राहिली. "हा म्हातारा बसून का गातोय?" आजारी आहे म्हटलं. "मग कशाला गायला लावलं त्याला," म्हणाली आणि परत पांडुरंगाकडं गेली. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. मी फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि कॅसेटची ती बाजू शोधली. टेप चिकटली होती, वाजली नाही.

हल्ली माझ्याकडं चाकणच्या एका कारखान्यात नव्या पोरांना प्रेसवर शिकवायचं काम असतं. बहुतेक काँट्रॅक्टची, कुणी नांदेडचा, कुणी बिहारचा. यंदा मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात साहेब म्हणाले, पोस्टर वाचून दाखवण्यापेक्षा काहीतरी वेगळं सांगा. मी टोनीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, पोरं जिद्दीवर टाळ्या वाजवतील. गोष्ट सांगायची पद्धतही तशीच पडलेली आहे, बोटं गेली पण हिंमत गेली नाही वगैरे. मागं बसलेल्या एकानं हात वर केला. "सर, ती बाई आली नव्हती तर वेल्डरला प्रेसवर बसवलाच कसा? ट्रेनिंग कुठं होतं?" दुसरा म्हणाला, "आणि पेडलला गार्ड?"

पुस्तकं, मुलाखती, माहितीपट, इतकं पाहिलं-वाचलं, पण हे दोन प्रश्न मला कुठं भेटले नव्हते. टोनीच्या बाबतीत त्या दुपारी झालं ते आमच्या पट्ट्यात आजही घडतं: माणूस गैरहजर, टार्गेट तेवढंच, मग जो मोकळा दिसेल तो प्रेसवर. दोन्ही हातांनी बटणं दाबायची सोय असते, तर त्यातलं एक पाचर मारून दाबून ठेवलेलं. जुने की-क्लचचे प्रेस एकदा सुटले की मध्ये थांबतच नाहीत. त्या टोपणांचं मला कौतुक आहे आणि ते शेवटपर्यंत राहील. पण ती बनवायची पाळी येण्याचं काही कारण नव्हतं.

तुमच्या घरातलं किंवा ओळखीतलं कुणी प्रेसवर काम करत असेल, तर आज त्याला एवढं विचारा: तुझ्या मशिनचा लाइट कर्टन, म्हणजे हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा, चालू आहे, की बायपास केलाय? आणि तू सुट्टीवर असलास की तिथं कोण बसतं?