चला, हजार वर्षांपूर्वीच्या फिनलंडला!

फिनलंड म्हटले की सहल कंपन्यांच्या रंगीत पत्रकांतली ठरावीक चित्रे डोळ्यांपुढे येतात. काचेच्या छताखाली पडून पाहायचा ध्रुवप्रकाश, रेनडिअर जुंपलेली घसरगाडी, सांताक्लॉजचे गाव आणि गरमागरम सौना. खर्चाचा आकडा वाचला की आपण पत्रक मुकाट्याने घडी करून ठेवतो! पण हा देश पाहायचा आणखी एक मार्ग आहे. त्याला व्हिसा लागत नाही, लोकरी कपडे लागत नाहीत. एक साधा संगणक, वाचण्यापुरते इंग्रजी आणि पुष्कळशी चिकाटी एवढ्यावर भागते. मात्र या वाटेने आपण पोहोचतो ते आजच्या नव्हे, तर सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या फिनलंडमध्ये. तिथे अजून राजा नाही, चर्च नाही, पक्का रस्ता नाही. फिनिश भाषेतले पहिले छापील पुस्तक निघायलाही अजून पाचशे वर्षे अवकाश आहे. ते निघाले १५४३ साली.

या वाटेचे नाव ‘अनरिअल वर्ल्ड’. हा संगणकावरचा एक खेळ आहे.

‘खेळ’ म्हटल्याबरोबर आई-वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मुळीच नाही. मोबाइलवर धडाधड गोळ्या झाडणारी, दर दोन मिनिटांनी पैसे मागणारी खेळणी घरोघरी शिरली आहेत. हा खेळ त्या जातीचा नाही. यात आपण एका माणसाची भूमिका घेतो, स्त्री किंवा पुरुष, आणि त्याचे आयुष्य जगतो. अशा खेळांना ‘सँडबॉक्स’, म्हणजे वाळूचा हौद म्हणतात. मुलांना वाळूत सोडून दिले की किल्ला करायचा की विहीर खणायची हे त्यांचे तेच ठरवतात, तसेच इथे. जिंकणे नाही, हरणे नाही, अमुक राक्षस मारा म्हणजे राजकन्या मिळेल असेही नाही. एकच प्रश्न असतो, आणि तो मोठा जुना आहे: हिवाळा येण्याआधी आपली तयारी होईल का?

खेळाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. सामी मारानेन या फिनिश तरुणाने १९९२ साली त्याची पहिली आवृत्ती काढली. त्या वेळी आपल्याकडे घरात संगणक असणे ही शेजाऱ्यांनी पाहायला यावे अशी अपूर्वाई होती. पुढे एर्क्का लेहमुस हे त्यांच्या जोडीला आले. कंपन्या आल्या नि बुडाल्या, संगणकांच्या पिढ्या बदलल्या. पण या जोडीने तीस वर्षांहून अधिक काळ हा एकच खेळ हाती धरून ठेवला. कधी मासेमारी अधिक खरी केली, कधी शेती, कधी पाण्यावर धरणारे बर्फ. २०१६च्या फेब्रुवारीत तो ‘स्टीम’ या संगणकी दुकानात आला, तरी जगाच्या दृष्टीने तो तसा अज्ञातच राहिला. आतली काही छायाचित्रे त्यांनी स्वतः जुन्या पद्धतीचे कपडे घालून, फिनलंडच्या रानात काढलेली आहेत. एखाद्या गावच्या हौशी नाटक मंडळीने आपल्याच माळावर चित्रपट काढावा, तशी त्याची कळा आहे.

आता प्रत्यक्ष प्रवासाला निघू. पडद्यावर वरून पाहिलेला नकाशा असतो. आपण उभे असतो तिथल्या आसपासचेच दिसते, बाकी सारे अंधुक. चालू लागावे तसे रान उलगडत जाते. स्प्रूस आणि पाइन या सूचिपर्णी झाडांची दाट राने, मध्येच दलदल, मग अचानक तळे. त्या तळ्याला वळसा घालावा तर पलीकडे दुसरे तळे! यात अतिशयोक्ती नाही. आजच्या फिनलंडमध्ये लहान-मोठी मिळून सुमारे १,८८,००० तळी मोजलेली आहेत आणि देशाची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन रानाखाली आहे. नदी आडवी आली तर ओंडके तोडून तराफा करायचा, नाही तर उथळ जागा शोधत हिंडायचे.

रानात पांढऱ्या सालीचे एक झाड वारंवार भेटते. ते आपल्या अगदीच अनोळखीचे नाही. हिमालयातल्या ज्या भूर्जवृक्षाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या, त्याचाच हा उत्तरेकडचा भाऊ. फिनिश लोकांनी त्या सालीवर पोथ्या लिहिल्या नाहीत. त्यांनी तिच्या टोपल्या विणल्या, जोडे केले, छपरे शाकारली. एकाच कुळातले झाड एकीकडे ग्रंथ झाले आणि दुसरीकडे पायताण!

अधूनमधून गाव लागते. गाव म्हणजे चार-सहा ओंडक्यांची घरे, थोडी शेती, एखाद-दुसरी गाय, दारात कुत्रा. गावकरी रात्रीपुरता आसरा देतात, कामाची चार वाक्ये सांगतात, सौदा करतात. नाणे नाही, सगळा व्यवहार अदलाबदलीचा. कुऱ्हाड हवी तर केसाळ कातडी मोजा. फिनिश भाषेत पैशाला आजही ‘राहा’ म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थच मुळी प्राण्याचे केसाळ कातडे असा आहे. खारीची कातडी तिथे चिल्लर म्हणून चालत. हे वाचून आपण मान डोलावतो आणि विसरतो. पण चांगल्या कुऱ्हाडीसाठी आठवडाभर सापळे लावत हिंडल्यावर तो शब्द कायमचा लक्षात राहतो.

कुऱ्हाड इतकी महत्त्वाची का, हे घर बांधायला घेतले की कळते. झाड तोडा, फांद्या उतरवा, ओंडका वाहून आणा, भिंत रचा. एक खोली उभी करायला दिवस नव्हे, आठवडे जातात, आणि त्या दिवसांत पोटाला घालायचे कुठून आणायचे, हा प्रश्न रोज सकाळी समोर उभा! म्हणून आधी मासे पकडायचे, खड्डे खणून सापळे करायचे, मग घर. अनुभवी खेळाडू दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत आडवे कुंपण घालतात आणि त्यात जिथे वाट ठेवायची तिथे खड्डा खणतात. चार-पाचशे किलोचा एल्क, म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी थोराड हरणाची जात, त्या वाटेने आला की महिन्याची बेगमी होते. बेगमीही आयती नाही. मांस सुकवायचे किंवा धुरावर धरायचे, कातडे खरवडून कमवायचे. उशीर केला की सगळे नासते.

शेतीही आहे, आणि ती पाहून कोकणातला वाचक चमकेल. रानाचा तुकडा तोडायचा, लाकूड वाळू द्यायचे, मग पेटवून राखेत पेरणी करायची. आपल्याकडे डोंगरउतारावर दळी भाजून नाचणी-वरी पेरीत, ती हीच रीत. फिनिश भाषेत एप्रिल महिन्याचे नाव ‘हुहतिकू’, त्याचा अर्थच रान तोडून शेत करण्याचा महिना. जुलै हा गवत कापणीचा, ऑक्टोबर चिखलाचा. फेब्रुवारी मोत्यांचा, कारण वितळून पुन्हा गोठलेले थेंब फांद्यांवर मोत्यांसारखे लटकतात. आणि नोव्हेंबर? त्याचे नाव ‘मर्रासकू’, मृत महिना. खेळातले महिने याच नावांनी चालतात आणि मृत महिना जवळ येऊ लागला की छातीत खरोखर धस्स होते. डिसेंबरात दक्षिण फिनलंडमध्येसुद्धा दिवस सहा तासांहूनही लहान असतो. उत्तर टोकाला तर सूर्य उगवतच नाही.

मग बर्फ. तळी गोठतात आणि काल वळसा घालावा लागत होता तिथून आज सरळ चालत जाता येते. स्की पायांत चढवली की प्रवास झपाट्याने होतो. बर्फात जनावरांच्या पावलांचे ठसे स्पष्ट उमटतात. पण पातळ बर्फ फुटून पाण्यात पडलात आणि जवळ शेकोटी नसली, तर सारे काही तासांत आटोपते. या खेळात मेलेला माणूस परत येत नाही. इतर खेळांसारखी ‘पुन्हा प्रयत्न करा’ ही सोय नाही. तीन महिने वाढवलेला, घर बांधलेला, कुत्रा पाळलेला तुमचा गडी संपतो. नव्याने जन्म घ्यायचा, नवे रान तुडवायचे. मुलांना हे प्रथम फार लागते. माझ्या मते याच कारणाने हा खेळ मुलांना विचार करायला लावतो: प्रत्येक पावलाला किंमत आहे म्हणून पाऊल जपून पडते. शिवाय आपण कळ दाबेपर्यंत जग थांबलेले असते. चहा प्या, विचार करा, वडीलधाऱ्यांशी सल्लामसलत करा, मग पाऊल टाका. आजोबा आणि नातू शेजारी बसून खेळू शकतील असे संगणकी खेळ किती निघतील?

घर उभे राहिले की सौनाही बांधता येतो. जुना सौना धुराचा. धुरांडे नाही, दगडांच्या चुलीत तासन्‌तास लाकूड जाळायचे, धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मग तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडायचे. तिथे नुसते अंग धूत नसत. बाळंतपण तिथेच होई, आजाऱ्याला तिथेच शेकत, आणि मृताला शेवटचे स्नानही तिथेच. ५५ लाखांच्या या देशात आज तीस लाखांच्या आसपास सौना आहेत, आणि युनेस्कोने २०२० साली ही परंपरा मानवाच्या अमूर्त वारशात नोंदवली.

अद्‌भुत म्हणावे असे या खेळात काय आहे, असे विचाराल तर उडते सर्प आणि जादूच्या तलवारी नाहीत. आहे ती रानाची भीड. जुने फिनिश लोक मानत की रानाला, पाण्याला, घराला राखणदार असतात. रानाचा धनी तापिओ, पाण्याचा आहती, मेघगर्जनेचा उक्को. शिकारीला जाण्याआधी त्यांची आळवणी करायची आणि मिळाले तर त्यातला वाटा त्यांना ठेवायचा. अस्वलाचे खरे नाव उच्चारायचे नाही. त्याला ‘मधपंजा’ अशा लाडक्या नावांनी हाक मारायची, आणि मारलेच तर त्याच्या मानाचे जेवण घालून कवटी पाइनच्या झाडावर टांगायची, म्हणजे त्याचा आत्मा आला तिथे परत जातो. एलियास ल्योनरोत या डॉक्टराने खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या गाण्यांतून १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले, त्यात हीच दैवते वावरतात. खेळातले विधी याच मुशीतले आहेत. राखणदाराला नारळ देणाऱ्या आपल्या माणसांना ते समजावून सांगावे लागत नाहीत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. चित्रे साधी आहेत. आजच्या चकचकीत खेळांची सवय झालेला मुलगा पहिल्या दिवशी नाक मुरडणार. कळफलकावरच्या कळा इतक्या की वहीत लिहून ठेवाव्यात. गावकरी ठरावीकच बोलतात, त्यामुळे चार गावे फिरल्यावर माणसांपेक्षा झाडांचाच लळा लागतो. पूर्वेकडची ‘न्येरपेझ’ नावाची एक कल्पित टोळी सरसकट क्रूर रंगवली आहे. एक अख्खा समाज वाईट, ही गोष्ट मला पटली नाही, आणि मुलांशी तिच्यावर बोलावे असे वाटते. लढाईत जखमा होतात, त्यांची वर्णने येतात. शिकार तर पदोपदी आहे. म्हणून तेरा-चौदा वर्षांखालच्या मुलांच्या हाती एकट्याने हा खेळ देऊ नये.

शाकाहारी घरांतून प्रश्न येणारच. सातू, राय, सलगम, वाटाणे पिकवता येतात. बोरांसारखी रानफळे आणि अळंबी रानभर असतात. नुसत्या यावर जगून पाहण्याचा पण जरूर करावा; तो खेळातला एक अत्यंत अवघड पण आहे. उन्हाळा निभतो, दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत कोठार भरले तर तोही निभेल, पण पहिला हिवाळा फार परीक्षा पाहतो. माणसाच्या ताटात काय येते ते त्याच्या पायाखालची माती आणि डोक्यावरचे ऊन बरेचसे ठरवते, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा तिथे लवकर उमगते.

कोणाला कधी खरोखरच हेलसिंकीला जायचा योग आला, तर सेउरासारी या बेटावरचे उघड्या आकाशाखालचे संग्रहालय चुकवू नका. १९०९ साली सुरू झालेल्या या जागी देशभरातली जुनी लाकडी घरे आणून उभी केली आहेत. ती हजार वर्षांची नाहीत, बरीच अलीकडची आहेत. पण ओंडक्यांचे कोपरे एकमेकांत कसे खाचून बसवतात ते तिथे हात लावून पाहता येते. आणि रानात निर्धास्त हिंडा. जमीन कोणाच्याही मालकीची असो, वाटसरूने रानातून चालावे, रानफळे आणि अळंबी वेचावीत, हा हक्क तिथे आजही सगळ्यांना आहे, परदेशी पाहुण्यांनासुद्धा.

तोवर घरच्या घरी सुरुवात करणाऱ्यांसाठी एवढेच: खेळाच्या संकेतस्थळावर जुनी आवृत्ती विनामूल्य मिळते, आधी तीच घ्यावी. आरंभाचा ऋतू निवडायचा पर्याय येतो, तेव्हा वसंत निवडा. जखमी शिकारी किंवा गुलामीतून पळालेला माणूस असे अवघड आरंभ नंतरसाठी ठेवा. पहिल्या दिवशी रानात खोल शिरू नका. गावाजवळ, पाण्याच्या काठी मुक्काम टाका, आणि कुऱ्हाड मिळेपर्यंत घराचा विचारसुद्धा करू नका.